दीमोनरावांचे वारशाची व मडक्यांतील पाण्याची हकीकत

श्री. वाग्देवीस वंदन, वेळेस वंदन, आणि साक्षीदारांस दुरूनच वंदन. शालिवाहनाचा शक सुरू होणेस सवाचारशें वर्षें बाकी असतां, जैतुनाचीं झाडें उदंड फळलीं त्या सालीं, समुद्रापलीकडे एक राज्य होतें. राज्य ऐसें कीं राजा नाहीं. रयतेनेंच चिठ्ठ्या टाकोन पांचशें पंच निवडावे आणि त्यांनीं इनसाफ करावा. त्या राज्यीं दीमोनराव म्हणोन गृहस्थ होते. गुण थोर, परंतु संशय थोरला. दुधावर साय आली तर कोणीं घातली म्हणोन पुसत, आणि आपलीच सांवली पुढें पडली तर थांबोन तिला आधीं जाऊं देत. त्यांचे चुलते थिओक्लकाका. काकांस पोटीं संतान नाहीं, आणि जैतुनाची बाग, तेलाचा घाणा, व ज्यांत दीमोनराव बायकोसुद्धां राहत तें घर, सर्व काकांचें. तेथील कायदा ऐसा कीं पुत्र नसेल तर भावाचा पुत्र वारस. परंतु मयतानें दत्तक घेतला असेल तर तो वारस. आणि दत्तक खरा कीं लबाड हें ठरविणें जाहलें तर पंच प्रथम हेंच पुसत कीं प्रेतापुढें कोण चालला, माती कोणीं दिली.

काकाही पुतण्याचेच रक्ताचे. एके वर्षीं, माया आपणांवर कोणाची आणि घाण्यावर कोणाची हें पारखावें म्हणोन, पांढरें वस्त्र पांघरोन, दाराकडे पाय करोन, मेल्याचें सोंग घेऊन निजले. दीमोनराव धांवत आले, ऊर बडवोन रडले, आणि रडतां रडतां गड्यास हळूच पुसिलें कीं घाण्याची किल्ली कोठें असते. तेव्हां प्रेतानें एक डोळा उघडिला आणि म्हणालें, "माझे कमरेस आहे, बाळा. तूं रडणें तरी पुरें कर." सारी आळी हंसली, आणि मग कित्येक दिवस बाजारांत दीमोनराव दिसले कीं मासळी विकणारे देखील किल्ल्या वाजवून दाखवीत.

पुढें काका खरेंच वारले आणि निरोप आला. दीमोनराव अंजीर खात होते ते खातच राहिले आणि म्हणाले, एकदां रडलों, आतां काका निजून निजून थकतील तेव्हां उठतील. बायकोनें विनविलें, "अहो, जाऊन तर या. खोटें असेल तर लोक हंसतील. खरें असेल तर?" त्यावर दीमोनरावांनीं तिजकडे रोखून पाहिलें आणि पुसिलें, "काकांनीं तुलाही फितविलें काय?" आणि दार लावून घेतलें. इकडे काकांबरोबर सोंगट्या खेळावयास येत ते हेगिपशेट, त्यांनीं केस कापिले, काळीं वस्त्रें ल्याले, प्रेतापुढें चालले, माती दिली, आणि मातीचे हात झाडितां झाडितां बोलले कीं मी काकांचा दत्तक पुत्र, घर आतां माझें. तेव्हां दीमोनरावांची खातरजमा जाहली कीं काका खरेच गेले.

मग दावा लागला. तेथें वकील चालत नसे. ज्याचा दावा त्यानेंच बोलावें, परंतु भाषण दुसऱ्याकडून लिहवून घ्यावें, ऐसी रीत. निकोरबाबा म्हणोन त्या कामीं नामांकित, त्यांजकडे दीमोनराव गेले. बाबांनीं शोध करोन तीन वृद्ध भाऊबंद काढिले. ते सांगत कीं याच वसंतांत घरच्या देवाच्या पूजेस हेगिपशेट आले, तेव्हां काकांनीं त्यांस, परका मनुष्य या पूजेस चालत नाहीं, म्हणोन बाहेर घातलें. पुत्र असता तर घातलें असतें काय? बाबा म्हणाले, "दीमोनराव, बोलणाराची वेळ बुडास भोंक असलेल्या मडक्यांतील पाण्यानें मोजितात. साक्षीदार बोलतो तोंवर भोंक बुजवितात. म्हणोन म्हातारे आधीं उभे करा. मग तुम्ही कांहीं न बोललां तरी चालेल. किंबहुना न बोललां तर उत्तम." दीमोनराव घरीं आले आणि विचारांत पडले कीं लिहिणें इतकें चोख, त्या अर्थीं बाबा हेगिपशेटांसही लिहून देत असतील, आणि म्हातारे कवडी मागत नाहींत, फुकट खरें कोण बोलतो? सबब मसलत केली कीं म्हातारे शेवटीं ठेवावे आणि तोंवर त्यांचीं तोंडें न्याहाळावीं.

दाव्याचे दिवशीं हेगिपशेट आधीं बोलले, आणि कापलेले केस दाखवोन ऐसे रडले कीं पंचांनीं नाकें पुसलीं. मग दीमोनराव उभे राहिले आणि पाणक्यानें मडकें भरलें. दीमोनरावांनीं मडक्याकडे पाहिलें, पुन्हा पाहिलें, आणि भाषण टाकोन पंचांस म्हणाले कीं शेटांचें मडकें पोटानें मोठें होतें आणि हें खंगलेलें आहे. मग वाकून भोंकाशीं बोट लावून पाहिलें, मग पाणक्याचे सोयरे कोण, शेटांचे घरीं त्याचें जाणें येणें आहे काय, याची चौकशी आरंभिली. पाणक्या सज्जन, हळूच म्हणाला, "धनी, तुम्ही हें बोलतां तें आपलेंच पाणी जातें आहे."

"पाहा, पंचहो," दीमोनराव म्हणाले, "हा मला घाई करितो."

आणि तों शेवटचा थेंब पडला. तिघे म्हातारे काठ्या टेकून उठले होते, त्यांस, पाणी सरलें, आतां साक्ष नाहीं, म्हणोन भालदारानें बसविलें. पंचांनीं मतें टाकिलीं आणि घर, बाग, घाणा हेगिपशेटांस मिळाला.

बाहेर आल्यावर त्यांतील थोरला म्हातारा दीमोनरावांजवळ आला. म्हणाला, "आंत विचारलें नाहीं, म्हणोन येथें सांगतों. शेवटचे दिवशीं काकांनीं किल्ली कमरेची सोडोन मुठींत धरिली होती आणि दाराकडे पाहत होते. कोण आलें कीं पुसत, दीमोन काय?" दीमोनरावांनीं त्याचें तोंड पुष्कळ न्याहाळलें, परंतु त्यांत कांहीं सांपडलें नाहीं. मग बायको घरांतील भांडीं बांधीत होती तिला तैसेंच ठेवून ते नगराबाहेर काकांचे थडग्याशीं गेले, आणि बसले, आणि मातीस कान लाविला, आणि म्हणाले, "काका, आतां पुरे. उठा. मी आलों आहें. किल्ली पुसत नाहीं."

सारांश, पाणक्यानें मडकें धुवोन पालथें घातलें, शेटांनीं घाणा चालविला, आणि काका उठले नाहींत. वर्तमान जाहलें तैसें लिहिलें. वाचणारानें संशय धरूं नये. धरिलाच, तर निरोप आला असतां आधीं उठून जावें आणि संशय वाटेनें धरावा.