झुलाल नानांची शेवटची मोजणी

झुलाल नानांनी पश्चिमेच्या खिडकीची चौकट चौथ्यांदा मोजली, आकडा कागदावर उतरवला आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला.

अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा किरण केव्हापासून हातात टेप धरून उभा होता. "नाना, खिडकीले उत्तर दिशा कसाले?"

"बाण नही तं तो नकाशा नही, चित्र शे," नाना म्हणाले.

"मी एकदाव मोजी लेस ना."

"छत्तीस वरीस लोकसना वावरं मोजात मी. भाऊभाऊसना डोका फुटनात, पन मनी मोजणीवर कोनी बोट ठेवं नही. तू ह्याच मापनी खिडकी बनाड."

किरणनं टेप खिशात टाकला. सरकारी भूमापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाशी मोजमापावरून वाद घालण्यात अर्थ नसतो, हे पारोळ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

खरं तर या खिडक्या एकवीस वर्षांपूर्वीच बदलायच्या होत्या. घर बांधताना नानांनी हिशोब मांडून सागवान नाकारलं आणि बाभळीच्या चौकटी घेतल्या. लाकूड ओलं निघालं. पहिल्याच उन्हाळ्यात ते आकसलं, चौकटी भिंतीपासून सुटल्या आणि वैशाखाचा वारा सुटला की चारही खिडक्या खडखडायला लागल्या. पश्चिमेची सगळ्यात जास्त. नानांच्या बायकोची, वच्छलाबाईंची खाट नेमकी तिच्याखाली. त्यांनी तेव्हाच सांगितलं, "आवं, ह्या खिडक्या बदली टाका."

नानांनी नाही म्हटलं नाही. नाना कधीच नाही म्हणत नसत. त्यांनी मिस्त्री बोलावला, अंदाजपत्रक घेतलं, कोरा कागद घेऊन रेघ मारली, डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला फायदा, आणि रात्रीच्या जेवणाआधी खाली लिहिलं : परवडत नाही. दर दोन वर्षांनी असंच व्हायचं. गंमत म्हणजे, प्रत्येक वेळी हिशोब झाला की खिडक्या आपोआप गप्प बसायच्या. नानांना वाटायचं, लाकूड शेवटी सुकून जागेवर आलं. थांबलो म्हणून खर्च वाचला, असं ते चारचौघांत सांगायचेसुद्धा.

मागच्या वर्षी वच्छलाबाई गेल्या. शेवटच्या आजारपणात खिडकी पुन्हा वाजायला लागली होती. "तेवढी खिडकी..." एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि नाना म्हणाले होते, "तू बरी व्हय, मंग देखू." या वाक्याची नानांना आता मनापासून लाज वाटायची. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध. त्याच्या आत चारही खिडक्या नव्या बसल्या पाहिजेत, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं.

पुण्याहून समाधानचा फोन आला, तेव्हा मुलगा खूश होईल असं त्यांना वाटलं होतं.

"नाना, तुम्ही एकटे राहता तिथे," समाधान म्हणाला. "उद्या माझ्याकडे आलात की घर बंदच राहणार. बंद घराच्या खिडक्यांवर एवढा खर्च? मी हिशोब केला. परवडत नाही."

हे वाक्य कुणाचं आहे, ते नानांना ऐकताक्षणी कळलं. ते म्हणाले, "नसू दे परवडत," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्याच्या आधी फोन ठेवला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी किरण कारागिराला घेऊन आला. चार नव्या चकचकीत खिडक्या ओसरीत टेकवून ठेवल्या. पश्चिमेच्या चौकटीला पहार लावली, एकदा हिसका दिला, आणि चौकट इतकी सहज हातात आली की कारागीर तिच्यासकट मागं बसला. मागोमाग चुन्याचे पापुद्रे पडले आणि त्यांच्याबरोबर कागदाच्या जाड जाड घड्या.

नवी खिडकी जागेवर धरली. दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट राहिली.

किरणनं नानांकडे पाहिलं. नानांनी भिंतीकडे पाहिलं.

"भिताड सरकनं व्हई," नाना म्हणाले.

"नाना, भिताड कसं सरकी? तुमी चौकटपास्तून भिताडपावत मोजं, पन ते भिताड नव्हतं. कागद व्हतात. वरथीन चुना लायेल व्हता."

"बाकीच्या तीन काढ. तठे असं नही."

किरण नको म्हणत होता. पण मोजणीवर बोट ठेवलं गेलं होतं आणि नाना हट्टाला पेटले. बाकीच्या तीन चौकटीही निघाल्या, आणि तिथेही असंच होतं. दुपारपर्यंत घराच्या चार भिंतींना चार भोकं पडली, चार खिडक्या चारही ठिकाणी सारख्याच अपुऱ्या पडल्या, आणि छत्तीस वर्षांची अब्रू घरात येणाऱ्या धुळीखाली झाकली गेली.

"फोम भरना पडी," किरण म्हणाला. "जळगावथीन मांगाडस. पन परवा येई."

"उद्या सराद शे."

"मंग आज दोन दोन स्क्रूवर उभ्या करी देस." त्यानं तसं केलं, नानांच्या शिस्तीप्रमाणे बिल लिहून हातात दिलं, आणि डोळ्याला डोळा न देता निघून गेला.

नाना ती धूळ झाडायला बसले. झाडता झाडता त्यांनी एक घडी उघडली. आत त्यांचंच अक्षर होतं. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला फायदा, खाली दोन रेघा मारून : परवडत नाही. दुसरी उघडली. नथ्थू मिस्त्रीचं अंदाजपत्रक, आणि त्याच्या पोटात पुन्हा त्यांचा हिशोब. तिसरी, चौथी. एकवीस वर्षांचे सगळे हिशोब ओळीनं निघाले, आणि कुठं कमी पडले तिथं लग्नपत्रिका आणि लाइटबिलं.

उद्याच्या स्वयंपाकाचं विचारायला शेजारच्या बेबाबाई आल्या, तेव्हा नाना त्या कागदांच्या मधोमध बसले होते.

"आवं नाना, हाई काय?"

"बेबाबाई, तुमले हाई माहीत व्हतं?"

बेबाबाई उंबऱ्यावर बसल्या. "बठ्ठी गल्लीले माहीत व्हतं. वच्छलाबाई म्हने, आमना घरधनी दर दोन वरीसले खिडक्या आनतसच, पन कागदवर. मंग मी बी तोच कागद खिडकीले लाई देस. दिवाळीले चुना लावाना टाईमले हासे ती."

"मले काबर नही सांगं तिनं?"

"तुमी म्हनेत ना, लाकूड जागावर उनं. तुमी खूश व्हतात. ती म्हने, ऱ्हाऊ दे."

नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. बेबाबाईंनी उद्याच्या भाताचं उगाचच दोनदा विचारलं आणि त्या उठून गेल्या.

दिवस कलला आणि पश्चिमेकडून वारा उठला. दोन स्क्रूंवरच्या चारही नव्या खिडक्या एकदम वाजायला लागल्या. जुन्या लाकडाचा आवाज निदान जड होता. हा पत्र्याचा आवाज डोक्यात जात होता. हजारो रुपये खर्चून नानांनी खडखडाट तेवढा नवा आणला होता.

ते उठले. उघडलेल्या घड्या त्यांनी पुन्हा घालून पाहिल्या आणि फटीत खोचल्या. टिकल्या नाहीत. मग त्यांनी वच्छलाबाईंची एक न उघडलेली घडी डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली. आधी निम्मी, मग तिसरा हिस्सा, आणि शेवटची कड आत वळवून दुमडलेली, म्हणजे कागद फटीत गेला की आतून फुगतो आणि धरून बसतो. लोकांची वावरं मोजणाऱ्या माणसाला बायकोची घडी कळायला एवढा वेळ लागला. त्यांनी एकेक हिशोब तसाच दुमडला. तीन खिडक्या गप्प झाल्या. पश्चिमेच्या खिडकीला एक घडी कमी पडली. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून किरणचं बिल काढलं, आधी निम्मं केलं, मग तिसरा हिस्सा, मग कड आत वळवली, आणि खोचलं.

दुसऱ्या दिवशी समाधान आला. श्राद्ध झालं, पानं उठली. हात पुसत तो नव्या खिडक्यांपुढे उभा राहिला.

"छान आहेत. एकूण किती आला खर्च?"

"बिल आहे की," नाना म्हणाले.

"कुठे?"

नानांनी बोट दाखवलं. समाधाननं फटीतल्या कागदाचं टोक चिमटीत धरलं.

"नको काढू," नाना हळूच म्हणाले. "वाजेल."

समाधाननं वडिलांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. बाहेर चांगलाच वारा होता. पश्चिमेची खिडकी गप्प होती. तिच्याखालची खाट गेल्या वर्षीच माळ्यावर गेली होती.