चौदा टप्प्यांचा फ्री थ्रो

थप्प.

रविवारची दुपार. लाइट गेलेली, पंखा गप्प, धर्मेंद्र पेपर तोंडावर घेऊन झोपलेला, आणि त्या शांततेत हा आवाज. नीलमने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तिची अकरा वर्षांची माया दाराशी उभी राहून मोज्यांचे बोळे बाल्कनीतल्या बालदीत टाकत होती. थप्प. थप्प. दहापैकी नऊ आत.

लेकराला एखादी गोष्ट आपोआप यायला लागली, की आईबापांनी गाफील राहू नये. आपोआप आलेलं आपोआप जातं. क्लास लावून आलेलं प्रमाणपत्रासह येतं. क्लासच्या पाट्यांनी भरलेल्या राजापेठेत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. नीलमचा लेकीवर जीव होता, म्हणून तिने त्याच संध्याकाळी चौकशी केली. महिनाभरात अकोल्याला बास्केटबॉलच्या संघाची निवड होती. दहापैकी सहा फ्री थ्रो पडले की संघात, आणि मायाला सात नंबरची निळी जर्सी हवी होती.

"पोट्टी चांगली टाकून राह्यली. कायले क्लास?" मायाचा बाप धर्मेंद्र म्हणाला.

"तुमाले काई समजत नाई. आता येऊन राह्यलं. उद्या गेलं तं?"

धर्मेंद्रने पेपर पुन्हा तोंडावर घेतला.

समोरच्या संघाने आगळीक केली की मिळते ती मोकळी फेक म्हणजे फ्री थ्रो. पंधरा फुटांवर उभं राहायचं आणि पाच सेकंदांच्या आत चेंडू रिंगमध्ये टाकायचा. कोणी आडवं येत नाही. इतकी सोपी गोष्ट शिकवायला अर्थातच अनुभवी संस्था लागते. शेखर सरांची अकॅडमी मोबाइलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. (पूर्वी सर तिथे फिजिक्स शिकवत. चेंडू एकदा हवेत गेला की तो फिजिक्सचाच.) रिंग दहा फुटांवर लागते आणि हॉलचं छत साडेआठ फुटांवर आहे, म्हणून संस्थेने रिंग फळ्यावर खडूने काढायचं ठरवलं. चेंडू आहे. पण तो कपाटात कुलपात असतो, कारण चेंडू हाती आला की मुलं खेळायला लागतात, असा संस्थेचा कटू अनुभव आहे. खंडेनवमीला तो बाहेर काढून त्याला हळदकुंकू वाहतात.

सरांनी फ्री थ्रोचे चौदा टप्पे पाडले आहेत. तिसरा गुडघ्याचा, नववा श्वासाचा, अकरावा मनगटाचा (यावर प्रश्न हमखास). दर शनिवारी लेखी परीक्षा. गेल्या वर्षीचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला. उरलेले दोन टक्के मैदानावर पळून गेले होते.

नीलमने काही कमी केलं नाही. पहाटे उठून मायाच्या मनगटाला कोमट तेल लावलं. वेण्या घालताघालता टप्पे म्हणून घेतले. चुकीची सवय लागू नये म्हणून बालदी माळ्यावर टाकली. माया आधी हसतखेळत टाकायची, ती आता कपाळाला आठी घालून उभी राहू लागली. "आता कशी सिरियस झाली!" नीलम कौतुकाने म्हणाली. चौथ्या शनिवारी मायाला पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. (एक मार्क अक्षराचा गेला.)

अकोल्याला माया रेषेवर उभी राहिली. डोळे मिटले. ओठ हलू लागले. चौथा टप्पा संपेपर्यंत पाच सेकंद झाले आणि पंचांनी शिट्टी मारली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. शेवटच्या, दहाव्या वेळी ती घाईघाईने सातव्या टप्प्यापर्यंत पोचली, ही प्रगतीच म्हणायची. चेंडू एकदाही हातातून सुटला नाही.

तिच्यानंतर धारणीकडची कौशल्या नावाची पोरगी आली. आली, टाकले, गेली. दहापैकी नऊ. सगळ्या आया तिच्याभोवती गोळा झाल्या.

"कोन्या क्लासले जातं वं तू?"

"क्लास नाई. आमच्या शायेत झाडाले रिंग बांधेल हाय."

"पाह्यलं? पत्ता लपवून राह्यली," एक आई म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं.

परतीच्या बसमध्ये माया नीलमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. झोपेतही तिचं मनगट टप्पा अकराप्रमाणे वाकलेलं होतं. नीलमने ते हातात घेऊन हळूच सरळ केलं. ते पुन्हा वाकलं.

तिसऱ्या दिवशी राजापेठेत अकॅडमीचा फ्लेक्स लागला. मायाचा हसरा फोटो (प्रवेशाच्या दिवशीचा), आणि खाली ठळक अक्षरांत : "अकोला निवड चाचणी. दहा संधी. एकही थ्रो चुकला नाही!" नीलमने दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुपारपर्यंत अकरा आयांचे फोन आले. दहाव्या फोनला नीलम म्हणाली, "हो न, सर मेहनत घेतेत." अकराव्या फोनपर्यंत तिला ते खरंही वाटू लागलं. (हे वाचता वाचता ज्यांनी अकॅडमीचा नंबर शोधायला घेतला असेल, त्यांच्यासाठी : उन्हाळ्याची बॅच भरली आहे. वेटिंगमध्ये तुमच्या शेजारणीचं नाव तुमच्या आधी आहे.)

संध्याकाळी दोघी स्कूटीवरून त्या फ्लेक्सखाली थांबल्या. मायाने मान वर करून स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला. मग मागून आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"आई, त्या कौशल्याचा तं एक चुकला. मंग मी तिच्यापरीस चांगली हाव का वं?"