हाफ क्लच आणि दुसरा अल्बम

"वहिनी, हे गाणं आहे की दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसणं आहे?"

ड्रायव्हिंग स्कूलच्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या खिडकीत डोकं घालून भाऊजींनी सकाळची सलामी दिली. आत पियानो वाजत होता. म्हणजे वाजत होता, थांबत होता, जरा विचार करत होता आणि मग पुन्हा वाजत होता.

"गाणं आहे," शेजारच्या सीटवरच्या ब्रेकताई मान न वळवता म्हणाल्या. "डोकं बाहेर घ्या, शिकवणीआधी ऐकून संपवायचंय."

ब्रेकताई हे नाव त्यांना शिकाऊ मंडळींनी दिलं होतं. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्यावर त्यांचा पाय इतका अलगद पडायचा की शिकणाऱ्याला वाटायचं, गाडीलाच अक्कल आली. आवाजही तसाच, शेजारच्या सीटपलीकडे न जाणारा. त्या घरात आल्यापासून त्यांना वरच्या पट्टीत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी एकदा ठरवलेली गोष्ट बदलल्याचंही कुणाच्या पाहण्यात नव्हतं. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, स्कूलचे मालक. ते नेमके उलटे. आवाज तीन गल्ल्यांना पुरेल असा, आणि मत दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं तर खूप.

फक्त एका बाबतीत भाऊजींचं मत दगडावरच्या रेघेसारखं होतं. ती पियानोवाली गायिका पहिल्या अल्बमनंतर बिघडली, हे ते मत.

पहिला अल्बम आला तेव्हा ती जेमतेम कॉलेजात होती. स्वतः लिहायची, स्वतः गायची आणि पियानो असा बडवायची की त्या पियानोची दया यावी. सगळं जग तिच्यावर फिदा झालं. भाऊजींच्या फोनची रिंग म्हणजे तिचंच गाणं. मग ती बरीच वर्षं गप्प बसली आणि दुसरा अल्बम घेऊन आली. आवाज खाली उतरलेला, बोटं सावकाश, दोन सुरांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा. जे नाचत होते ते हिरमुसले. ब्रेकताईंनी मात्र तो अल्बम एकदा ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पहिल्या शिकवणीआधी तो ऐकायचाच, असा नेम धरला. ताप असो, पाहुणे असोत, नेम मोडला नाही.

"पहिल्यात कसा जोश होता!" भाऊजी म्हणायचे. "माझं काळीज तुटलं हो, म्हणून काय ओरडायची!"

"हो ना. आणि दुसऱ्यात ती तेच तुटलेलं काळीज पिशवीत घालून भाजी आणायला जाते," ब्रेकताई म्हणायच्या. "ते जास्त अवघड असतं, भाऊजी."

"भाजी आणायला जोश कशाला लागतो?"

"तुम्ही कधी आणलीय?"

इथे वाद संपायचा. म्हणजे त्या दिवसापुरता.

आता हा वाद घरातल्या घरात राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण स्कूलमध्ये बेकरीवाल्या काकू आल्या. काकूंना बेकरीची व्हॅन स्वतः चालवायची होती. केक वेळेवर पोचवायला भाड्याचा ड्रायव्हर मिळत नव्हता, आणि मिळाला तर केक वाटेत कमी होत होते. काकूंचा हात ओव्हनवर सराईत, पण पाय क्लचवर पडला की गाडी बेडकासारखी उडायची. चढावर तर प्रश्नच नव्हता. चढावर गाडी मागेच जायची. परीक्षेत त्या इतक्या वेळा नापास झाल्या होत्या की मैदानावरचा पाणीवाला त्यांना घरातल्यासारखं "या काकू" म्हणायचा.

एका सकाळी ब्रेकताईंचा नेम अर्धवट असतानाच काकू येऊन बसल्या. तिसरं गाणं सुरू होत होतं. रिकामं घर शेवटचं झाडून कुलूप लावणाऱ्या बाईचं ते गाणं. त्याची सुरुवात एकट्या डाव्या हाताची. ढं, ढं, ढं, ढं. मग काहीच नाही. आणि मग, आपण आलो तर चालेल ना, असं विचारत उजवा हात.

त्या 'ढं'बरोबर काकूंचा डावा पाय क्लचवरून आपोआप हळूहळू उचलला गेला. गाणं थांबलं, पाय थांबला. गाडी जागच्या जागी बारीक थरथरली. उजवा हात आला, काकूंचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर टेकला. आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "ही गेली!"

"याला हाफ क्लच म्हणतात," ब्रेकताई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मी कित्येक महिने तोंडाने सांगत होते, तिने एका ओळीत सांगितलं."

त्या दिवसापासून ब्रेकताईंनी सगळ्यांनाच दुसऱ्या अल्बमवर शिकवायला घेतलं. पहिलं गाणं आरसे नीट लावायला, दुसरं वळणांना, तिसरं चढाला. पाचव्यात पियानो शेवटाकडे विरत जायचा, तिथे गाडी फुटपाथला लावायची. माणसं पटापट शिकू लागली. भाऊजींना कौतुक करणं भाग पडलं असतं. पण तेवढ्यात तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार टेलरमास्तरांची. म्हणजे टेलरमास्तरांविषयी. भावाला शेजारी बसवून घरच्या गाडीवर सराव करताना, हिरवा दिवा लागला तरी ते चौकात तसेच उभे. मागे हॉर्नचा कल्लोळ. ट्रॅफिक हवालदाराने काचेवर टकटक केली तर म्हणाले, "साहेब, एक मिनिट, अजून उजवा हात आला नाही." हवालदाराने त्यांचे दोन्ही हात पाहिले आणि सरळ त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं. मग अशीच सराव करत ड्यूटीला निघालेली एक नर्स वळणावर कडवं संपेना म्हणून चौकाला गोल गोल फेऱ्या घालत राहिली. तिची ड्यूटी चुकली आणि मेट्रनचा फोन भाऊजींना आला.

"बघा, बघा!" भाऊजी घरात येऊन गरजले. "रस्त्यावरची माणसं विचारतात, तुमच्याकडे गाडी शिकवतात का गाणं!"

"दोन्ही नीट शिकवतो," ब्रेकताई भाकऱ्यांचा डबा भरत म्हणाल्या.

"मी दाखवतो कसं शिकवायचं ते! पहिल्या अल्बमवर!"

त्यांनी काकूंना बसवलं, पहिला अल्बम लावला आणि आवाज कमाल केला. पियानोवाली किंचाळली, काकूही किंचाळल्या, आणि गाडी तीन उड्या मारून फुलवाल्याच्या बादल्यांत शिरली. भाऊजी ओल्या पँटने आणि कानामागे अडकलेल्या शेवंतीने परत आले. पण हार मानतील तर ते भाऊजी कसले.

"तुमच्या त्या अल्बमने काकूंची सवय बिघडवलीय," ते म्हणाले. "आता शेवटचं सांगतो, वहिनी. काकू या परीक्षेत नापास झाल्या, की गाडीतला प्लेअर मी उपटून टाकणार. आणि तुम्ही गाडीवर नाही, ऑफिसात टेबलावर बसणार. फोन घ्यायचे, नावं लिहायची."

गाडी म्हणजे ब्रेकताईंचं दुसरं माहेर होतं.  त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि पास झाल्या तर? दुसरा अल्बम राहणार, मीही राहणार, आणि तुम्ही त्याच्याविषयी अवाक्षर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" भाऊजी म्हणाले. काकूंच्या नापास होण्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

परीक्षेच्या मैदानावर सकाळपासून गर्दी होती. टेलरमास्तर आले होते, नर्स आली होती, दोघं आपापला नंबर यायची वाट बघत नखं खात होते. परीक्षक साहेब गाडीपाशी उभे, हातात पाटी. काकू एकट्याच गाडीत. साहेबांनी खिडकीतून आत पाहिलं.

"हे काय वाजतंय?"

"दुसरा अल्बम," काकू भाबडेपणाने म्हणाल्या.

"परीक्षेत गाणी? बंद. पेनड्राइव्ह बाहेर काढा."

ब्रेकताई पुढे झाल्या. "साहेब, चष्मा लावून परीक्षा देता येते ना?"

"येते."

"काठी घेऊन चालणाऱ्याला कुणी म्हणत नाही, काठी टाका आणि मग चालून दाखवा. मग यांचं गाणं का काढता?"

साहेबांना असं हळू आवाजात आणि असं ठाम कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी नियमाचा आधार घेतला. "प्रशिक्षकांनी दोरीच्या मागे बसायचं. अगदी मागे."

ब्रेकताई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पाठ ताठ, हनुवटी वर, जणू बाक त्यांनीच मागून घेतला होता. गाडीतून काढलेला पेनड्राइव्ह त्यांच्या मुठीत होता. इकडे साहेब चढाच्या माथ्याजवळ जाऊन उभे राहिले आणि काकू चढाच्या मध्यावर आल्या. तिथे गाडी थांबवून, पांढऱ्या पट्ट्याच्या मागे न जाता, पुन्हा निघायचं. काकू थांबल्या. इथपर्यंत सगळं उत्तम. मग त्यांनी कान टवकारले. गाडीत शांतता. नुसती पांढरीफटक शांतता. काकूंनी घाबरून क्लच सोडला, दाबला, सोडला. गाडीने एक उडी मारली आणि मागे सरकायला लागली.

"ढं," बाकावरून ब्रेकताई म्हणाल्या. "ढं, ढं…" शेजारी बसलेल्या माणसाने जरा सरकून बसणं पसंत केलं. त्यापलीकडे तो आवाज गेलाच नाही.

चढाच्या पायथ्याशी, 'येथे वाहन उभे करू नये' या पाटीच्या बरोब्बर खाली, सावली चांगली म्हणून भाऊजींनी आपली कोरी करकरीत स्कूटर लावली होती. ते तिच्या सीटवर रेलून आपल्या विजयाची वाट पाहत होते. काकूंच्या गाडीचं मागचं चाक पट्ट्याकडे आणि डिकी स्कूटरकडे येताना त्यांनी पाहिली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

आणि मग तीन गल्ल्यांना पुरणारा तो आवाज सुटला.

"ढं! ढं! काकू, पाय उचला! ढं! ढं! आता गप्प! गप्प बसा, धरून ठेवा, धरून… आणि आला, आला, उजवा हात आलाऽऽ!"

गाडी थरथरली. थांबली. चाक आणि पट्टा यांच्यात बोटभर जागा होती. मग लोण्यातून सुरी जावी तशी ती वर गेली, साहेबांच्या शेजारून, थेट माथ्यावर. दोरीमागे टाळ्यांचा कडकडाट झाला. टेलरमास्तर नकळत उजवा पाय हलवत होते.

साहेब पाटी घेऊन खाली आले. "मध्येच कोण ओरडलं? बाहेरून मदत चालत नाही."

"मी कशाला मदत करू?" भाऊजी उसळले. "मी माझ्या स्कूटरसाठी ओरडलो!"

साहेबांनी स्कूटर पाहिली. वरची पाटी पाहिली. मग काकूंच्या नावापुढे पास असा शिक्का मारला आणि तितक्याच शांतपणे भाऊजींच्या हातात दंडाची पावती ठेवली. "ड्रायव्हिंग स्कूलचे मालक ना तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं. भाऊजींना तो प्रश्न पावतीपेक्षा महाग वाटला.

काकूंनी ब्रेकताईंना मिठी मारली, रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. ब्रेकताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग त्या दिरासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऑफिसातल्या टेबलाला दुसरा माणूस बघा, भाऊजी."

"बघतो."

"आणि स्कूटरसाठी माणूस 'थांबा' म्हणून ओरडतो. तुम्ही तर अख्खं तिसरं गाणं गायलात."

"घाबरल्यावर तोंडातून काहीही निघतं!"

"हो का? पण चुकलंच. चौथ्या 'ढं'नंतर ती चांगली थांबते. तुम्ही उजवा हात लवकर आणलात."

"लवकर?" भाऊजींना हे सोसलं नाही. "काय बोलताय वहिनी! चौथ्या 'ढं'नंतर ती श्वास घेते. बारीक, नाकाने. तो श्वास संपला की लगेच उजवा हात. मी काय आज ऐकतोय का? रोज सकाळी खिडकीपाशी उभा राहून—"

ते एकदम थांबले. काकूंनी डोळे पुसायचं थांबवलं. टेलरमास्तरांनी नखं खायचं थांबवलं.

 ब्रेकताई गाडीत जाऊन बसल्या, चावी अर्धी फिरवली, पेनड्राइव्ह लावला आणि तिसरं गाणं सुरू केलं. ढं, ढं, ढं, ढं. त्यांनी कान प्लेअरला लावला. आणि तिथे, त्या रिकाम्या जागेत, खरंच एक श्वास होता. बारीक. नाकाने. लगेच उजवा हात. इतका नेम पाळूनही तो त्यांना एकदाही ऐकू आला नव्हता. त्यांनी गाणं मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. श्वास जागच्या जागी होता.

भाऊजी खिडकीत डोकं घालून उभेच होते. "आहे की नाही?"

ब्रेकताईंनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"इंजिनचा आवाज आहे तो," त्या शांतपणे म्हणाल्या.

इंजिन केव्हाचं बंद होतं.