दौलतकाकाजींची कर्दळ

माझं लग्न आमच्या आर्वीच्या मोरीमुळे जमलं. सासरे मला पाहायला आले, तेव्हा रोहण्याचे त्यांचे शेजारी दौलतकाकाजी सोबत होते. पोहे निवून गेले, मी मान खाली घालून अवघडले, तरी काकाजींचा पत्ता नाही. बऱ्याच वेळानं ते घरामागून धोतराला चिखल लावून आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "करून टाका पक्कं. मोरी साजरी हाय." माझं तोंड त्यांनी थेट लग्नात पाहिलं.

सासरी पहिल्याच सकाळी न्हाणीत मी अंगावर तांब्या ओतला, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "पानी जाते कुठी?"

मी किंचाळले. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "भेवू नको वं. तो दौलतकाकाजीचा रामराम हाय."

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. गल्लीच्या मधोमध सांडपाणी वाहायचं, डुकरं त्यात लोळायची. काकाजी कुठल्याशा शिबिरात शोषखड्डा शिकले आणि कुदळ घेऊन गावावर तुटून पडले. खड्डा खणायचा, दगड-विटांचे तुकडे भरायचे, वर बुडाला भोक पाडलेलं मडकं आणि मडक्यात गवत. खरकटं गवतात अडकतं, पाणी जमिनीत मुरतं. पण पहिलाच खड्डा सरपंचांकडे खणला आणि काळी माती काही पाणी पिईना. अंगणात डबकं साचलं, बेडकांचं भजन सुरू झालं.

"दौलत, काय करून ठेवलं गा हे?"

"जमीन नाई म्हनून राह्यली, सरपंच. तिले जरा खोलात जाऊन इचारू."

मग मुरूम लागेपर्यंत खोल गेले, आणि तरीही उरलेलं पाणी केळी-कर्दळीला सोडलं. हळूहळू गल्ली कोरडी झाली, घराघरामागे लाल-पिवळी कर्दळ डोलू लागली. पहिला केळीचा घड घेऊन काकाजी एसटीनं पुलगावला लेकीकडे निघाले. वाटेत कंडक्टरला मोठ्या कौतुकानं एक केळं दिलं आणि सांगितलं, "आंघोईच्या पान्यावरचं हाय!" कंडक्टरनं ते हळूच परत केलं.

एका उन्हाळ्यात पापड द्यायला मी त्यांच्या घरामागे गेले. काकी तेव्हा नुकत्या वारल्या होत्या, दोन्ही पोरी सासरी. पाहते तर काकाजींचीच कर्दळ वाळून काडी झालेली.

"काकाजी, गावभर फुलवली, अन् तुमचीच काऊन वाळली?"

ते हसले. "तुही काकी होती तवा धुनं, भांडे, पोरीहीची न्हानी. पानी सरतच नोव्हतं. आता एका मानसाचं सांडपानी असते तरी किती, सूनबाई?"

"मंग विहिरीचं घाला ना."

"घातलं दोन दिस. पन घरातलं पानी नसलं त पाह्यत बसावं वाटत नाई."

दुसऱ्या दिवशी मी धुण्याचं गाठोडं घेऊन त्यांच्या मोरीवर हजर. "आमचा खड्डा तुंबला, काकाजी," मी ठोकून दिलं.

त्यांचा हात लगेच कुदळीकडे. "चाल, पाह्यतो."

"आधी धुनं त होऊ द्या!"

मग ते पायरीवर बसले. मी कपडे आपटत होते आणि ते काकीच्या गोष्टी सांगत होते, साबणाचं पाणी वाफ्यात शिरेपर्यंत. मी रोज जाऊ लागले. पाऊस लागायच्या आधीच कर्दळीला कोंब आले.

एक दिवस गेले, तर मोरीवर धुण्याचा आणखी एक दगड बसवलेला.

"हा कायले, काकाजी?"

"एकटीले कंटाया येत असन तुले," ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "संगतीले कोनाले आनत जाजो."