प्रयागबाईंचा श्वास तारेने धंतोलीस पोहोचविल्याची हकीकत

श्रीगणेशास, आणि त्यामागोमाग शहरातील दवाखान्यांची पेठ जी धंतोली, तेथील समस्त डॉक्टरमंडळींस दंडवत घालून ही हकीकत लिहिली ऐसीजे. शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी हाडात शिरणारी. कन्हान नदीपलीकडे एका कोळसा खाणीची वसाहत होती. खाणीचे नाव लिहीत नाही, कारण साहेबांचे जावई अजून हयात असून वर्तमानपत्र वाचतात. त्या मुलखावर राजमान्य राजेश्री मनोहरराव साहेब, कचेरीचे मुख्य, टॉवेल घातलेल्या खुर्चीचे धनी, यांचा अंमल होता.

अंमल कायद्याचा. खाणीची जीप रोग्यास मिळे, परंतु धंतोलीच्या डॉक्टरांचा हुकूम आल्यावर. डॉक्टरांचा हुकूम निघे, परंतु रोगी नजरेने पाहिल्यावर. आणि रोगी नजरेस पडे, परंतु जीपमध्ये बसल्यावर. ऐसा चोख बंदोबस्त असल्यामुळे जीप सदैव चकचकीत राहिली आणि रयतेने मरणाचे आपापले पाहिले. मुलखात फोन एकच, तो साहेबांच्या टेबलावर, कुलूपबंद.

तों एके सकाळी प्रयागबाईंच्या दम्याने उचल खाल्ली. बाई साठीच्या, श्वास आत जाईना आणि ओठ जांभळे पडू लागले. लेक पाळीवर, जमिनीच्या पोटात. बस निघून गेलेली. मग सून प्रेमिला हिने शेजारच्या कांताबाईंची कुमक घेतली आणि सासूस बाजेवर बसवून, धंतोलीस फोन लावावा म्हणून कचेरीवर चाल केली. साहेबांनी फर्माविले की, फोन खाणीच्या कामाकरिता आहे, सबब बाज उचलावी.

"माहा नवरा खाणीतच हाय जी," प्रेमिला बोलली, "अन् त्याची माय इथं मरून राहिली. खाणीचंच काम समजा ना!"

साहेबांनी समजून घेतले नाही. मग प्रेमिलेने मसलत बदलली आणि बाज कचेरीच्या दारात आडवी लावली. आत येणारे कागद अडले, त्याची साहेबांस पर्वा नव्हती. परंतु दहाचा चहाही अडला. शिपाई किटली घेऊन बाजेपलीकडे उभा राहिला, वाफ दिसे आणि चहा मिळेना. रसद तुटल्यावर भले भले किल्ले पडतात. फोनचे कुलूप निघाले.

ट्रंककॉल लागला आणि धंतोलीहून डॉक्टर चंपतराव बोलले की, न पाहता हुकूम देण्याचा रिवाज नाही. प्रेमिलेने अर्ज केला की, पाहू नका, ऐका. डॉक्टर म्हणाले, फोन पाठीला लावा. परंतु फोनची तार हातभर, बाजेपर्यंत पोहोचेना. पोहोचे ती फक्त साहेबांच्या खुर्चीपर्यंत. त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. साहेब "अहो, अहो" करीत राहिले आणि दोघींनी बाईंस खुर्चीवर स्थानापन्न केले, टॉवेल छातीभोवती गुंडाळला आणि रिसीव्हर पाठीस लावला. बाईंच्या श्वासाची शिट्टी खिडकीबाहेर जमलेल्या आम्हां रयतेस ऐकू येत होती.

रिसीव्हर पुन्हा कानी आला तों डॉक्टरांनी सवयीप्रमाणे फर्माविले की, जीभ दाखवा. बाई आज्ञाधारक. त्यांनी फोनकडे तोंड करून लांब जीभ काढली, आणि ती नेमकी समोर उभ्या मनोहररावांस पोहोचली. इतक्या वर्षांच्या अंमलात साहेबांस ऐसा नजराणा प्रथमच मिळाला.

मग डॉक्टरांनी साहेबांस फोनवर बोलाविले आणि जीप तत्काळ सोडण्याचा हुकूम दिला. साहेबांनी हुकूम लेखी मागितला. डॉक्टरांनी कळविले की, लेखीच देतो. बाई दगावल्या तर दाखल्यावर मरणाच्या कारणात आपले नाव लिहितो, स्पेलिंग सांगा. साहेबांनी स्पेलिंग सांगितले नाही. जीप निघाली.

धंतोलीस सुई टोचली, बाईंस श्वास आला, आणि पहिल्या श्वासासरशी त्या सुनेस बोलल्या, "काहून वं, त्याचा चहा थंडा झाला असन ना?"

पुढे साहेबांनी नवा कायदा फळ्यावर लावला की, अत्यवस्थ रोग्यास फोनवरून डॉक्टरांशी बोलण्याची मुभा आहे. मात्र रोगी अत्यवस्थ असल्याचा दाखला त्याने धंतोलीस जातीने जाऊन आणावा. रयतेने साहेबांची दूरदृष्टी वाखाणली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. खुर्ची साहेबांस परत मिळाली, फोनला पुन्हा कुलूप पडले, जीप धुऊन उभी राहिली. परंतु टॉवेल बाईंच्या अंगावर गेला तो परतला नाही. साहेबांनी शिपाई पाठविला, त्यास प्रेमिलेने सांगितले की, ओला आहे. ती कचेरीसमोरच्या तारेवर तो रोज वाळत घालीत असे, आणि प्रयागबाई ओसरीवर बसून, सावकाश श्वास घेत, त्याची राखण करीत. पुढे अकरा वर्षे. कळावे.