घड्याळजींचे ठोके

घड्याळजींची बायको कालपासून गोड बोलत होती आणि घड्याळजींचा धीर सुटत चालला होता.

त्यांच्या हृदयाचं सीटी स्कॅन होतं. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. "ठोके पासष्टच्या खाली हवेत, नाहीतर फोटो हलतो. त्यांना शांत ठेवा," असं नर्सने बजावलं होतं. म्हणून लेकीने आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, स्कॅन होईपर्यंत बाबांशी भांडू नकोस." हे घड्याळजींना कुठे ठाऊक? लग्नापासून ज्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नव्हता, त्याच तोंडून "अहो, दमलात का?" आलं, तेव्हा त्यांच्या काळजात धस्स झालं. डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय. आपलं काही खरं नाही.

खात्री करायला त्यांनी ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला. तिने तो हसत उचलला. घड्याळजींना दरदरून घाम फुटला.

दवाखान्यात नर्सने बोटाला चिमटा लावला. ठोके चौऱ्याण्णव! गोळी दिली, बराच वेळ बसवून ठेवलं, तरी नव्वद.

"आजोबा, एवढं कसलं टेन्शन? उतरले नाहीत तर आज स्कॅन होणार नाही."

घड्याळजी बायकोकडे वळले. "खरं सांग, किती दिवस उरलेत माझे?"

"असं बोलू नये हो," तिने त्यांचा हात कुरवाळला. ठोके अठ्ठ्याण्णव.

नर्सने कपाळावर हात मारला. "बरं, तोवर खिशातलं धातूचं सगळं काढून ठेवा."

खिशातून स्प्रिंगा निघाल्या, स्क्रू निघाले, दोन तासकाटे निघाले, आणि शेवटी कपाटाची किल्ली.

बायकोचं हसू मावळलं. "ही तुमच्या खिशात? अख्खं घर उलथंपालथं केलं मी! आणि वर तोंड करून म्हणता, 'मी हातही लावला नाही'? डोकं कुठे गहाण टाकलंय का?"

घड्याळजींनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मरायला टेकलेल्या माणसाला कोणी असं बोलत नाही.

"बासष्ट!" नर्स ओरडली. "लागू पडली बाई गोळी!"

बायकोने भानावर येऊन जीभ चावली.

"थांबू नकोस," घड्याळजी प्रेमाने म्हणाले. "टॉवेलचंही राहिलंय."

रिपोर्ट चांगला आला. तिने गुपचूप डोळे पुसले आणि चहा टाकला. घड्याळजींनी घोट घेतला.

"साखर कमी आहे गं."

"असणारच," ती म्हणाली. "होती नव्हती ती सगळी तुमच्यावर संपली."