तीर्थाने कॉम्प्युटर बिघडत नसतो

एका जंगलात, बाळांनो, एक कॉम्प्युटर होता.

जंगलात वीज कुठून आली, असं कोण विचारतंय? मागच्या बाकावरून आवाज आला. खाली बस. काजवे पाळीपाळीने वीज देत असत. झालं समाधान? गोष्ट ऐकायची तर मध्येमध्ये अक्कल चालवायची नाही.

तर त्या कॉम्प्युटरमध्ये जंगलातल्या प्रत्येकाच्या घराची नोंद होती. कोणतं बीळ कोणाचं, कोणती ढोली कोणाची, सगळं त्यात होतं. पूर्वी हे सगळं एकमेकांच्या लक्षात असायचं. पण प्रधानजी कोल्हा एकदा परदेशातली जंगलं पाहून आला आणि म्हणाला की लक्षात ठेवणं फार मागासलेपणाचं आहे. मग सिंहमहाराजांनी फर्मान काढलं. "कॉम्प्युटरमध्ये असेल तेच खरं. तोंडी काही चालणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिंह समोर असला की टाळ्या आपोआप वाजतात.

कॉम्प्युटर सांभाळायला घोरपडबाई होत्या. खुर्चीला चिकटून बसण्यात त्यांचा हात धरणारं जंगलात कोणी नव्हतं. काम त्या मन लावून करायच्या. समोर येईल ते वाचायचं, सांगतील ते टाइप करायचं. मध्ये डोकं घालायचं नाही.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी आपण काय करतो? बरोबर. आपलं पोट ज्या हत्यारावर चालतं, त्याची पूजा करतो. सुतारपक्ष्याने चोचीला हळदकुंकू लावलं. अस्वलाने नखांना लावलं. सरकारी कचेरीत कॉम्प्युटरची पूजा होती. घोरपडबाईंनी त्याला झेंडूची माळ घातली. आंब्याचं पान खोचलं. पडद्यावर गंधाचा टिळा लावला. समोर ताम्हनात माउस ठेवला, कात्री ठेवली, शिक्का ठेवला आणि जिच्यात सगळ्या माहितीची दुसरी प्रत होती ती पेनड्राइव्हही ठेवली. पूजा काय अर्धवट करायची असते?

मग महाराज आले. त्यांनी पंजाच्या एका फटक्यात नारळ फोडला. वा! प्रधानजींनी घोषणा दिल्या. आणि महाराजांनी भक्तिभावाने नारळाचं पाणी कॉम्प्युटरवर शिंपडलं. शिंपडलं म्हणजे काय, सिंहाचा पंजा तो. निम्मं पाणी मागच्या जाळीतून आत गेलं.

कॉम्प्युटरने एकदा 'चुर्र' असा आवाज केला.

"प्रसन्न झाला," प्रधानजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून सुट्टी. तिसऱ्या दिवशी घोरपडबाईंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग त्यांनी सगळे जण करतात ते केलं. तेच बटण जोरात दाबलं. मग रानडुकराने दाबून पाहिलं. मग गव्याने. बटण आत गेलं ते बाहेरच येईना. ते अस्वलाने नखाने उकरून काढलं आणि पुन्हा दाबलं.

कॉम्प्युटर बंद पडल्याची बातमी सगळ्यात आधी लांडग्याला लागली. असल्या बातम्या त्याच्याकडे वासाने जातात. त्याच सकाळी साळूताई पिल्लांना घेऊन कंद उकरायला गेली होती. साळूताई म्हणजे साळिंदरीण. अंगावर काटे, पण स्वभावाने इतकी भिडस्त की कोणाला काटा लागला तर हीच माफी मागायची. ती परत आली तर तिच्या बिळात लांडगा पाय पसरून पडला होता.

"अहो, हे माझं घर आहे," साळूताई म्हणाली.

"असेल की," लांडगा म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? कॉम्प्युटरमध्ये दाखवा, लगेच उठतो."

साळूताई शेजारच्या सशाकडे गेली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा हो त्याला."

ससा इकडेतिकडे बघत म्हणाला, "वहिनी, मला माहीत आहे. पण माझं माहीत असणं आता चालत नाही ना! तेवढा कॉम्प्युटर चालू होऊ दे, मग मी पहिला येतो."

साळूताई पिल्लांना घेऊन कचेरीत गेली. हिवाळा तोंडावर आला होता. पिल्लांच्या अंगावर अजून नीट काटेही उगवले नव्हते. ती कचेरीबाहेर जांभळाच्या झाडाखाली बसून राहिली. रोज सकाळी आत जायची आणि विचारायची, "झाला का हो चालू?"

"प्रयत्न चालू आहेत," घोरपडबाई सांगायच्या.

शेवटी माकडाला बोलावलं. हे माकड शहराच्या कडेला एका दुकानाच्या गच्चीवर काही वर्षं राहून आलं होतं. खिडकीतून बघून बघून ते कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकलं होतं. हसू नका. तुमच्या गल्लीतलाही तसाच शिकलाय.

माकडाने कॉम्प्युटर हुंगला. जाळीतून बोट आत घातलं आणि चाटलं.

"गोड लागतंय. आत पाणी गेलंय. पहिलं म्हणजे बटण दाबणं बंद करा. हा उघडून उन्हात वाळवू. अजूनही आतली माहिती वाचेल. चालू करत राहिलात तर सगळी जळेल."

साळूताईचा जीव भांड्यात पडला. पण प्रधानजींचा चेहरा पडला.

"कसलं पाणी?" त्यांनी विचारलं.

"नारळाचं दिसतंय."

प्रधानजींनी माकडाला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत बाजूला. "हे बघ, नारळ महाराजांनी फोडला. महाराजांनी फोडलेल्या नारळाचं पाणी हे पाणी नसतं. ते तीर्थ असतं. आणि तीर्थाने कॉम्प्युटर बिघडत नसतो. आता सांग, कशाने बिघडला?"

माकड हुशार होतं. "मग कळायला मार्ग नाही," ते म्हणालं.

"मग वाळवायचा कशाला?"

"नकोच."

"बटण दाबायला हरकत?"

"तीर्थच असेल तर काही हरकत नाही."

मग सगळ्यांनी पुन्हा पाळीपाळीने बटण दाबलं. आतून जळका वास आला. प्रधानजी म्हणाले, धूप असेल.

"दुसरी प्रत आहे ना कुठेतरी?" साळूताईने भीतभीत विचारलं. तिने आयुष्यात कचेरीत विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.

"आहे तर!" घोरपडबाई अभिमानाने म्हणाल्या. "पेनड्राइव्हमध्ये आहे."

"मग ती काढा ना."

घोरपडबाईंनी खण उघडला. मग ताम्हन पाहिलं. मग त्यांचा रंग उतरला. दसऱ्याला त्यांनी ताम्हनातली फुलं, पानं, अक्षता असं सगळं निर्माल्य गोळा करून रीतीप्रमाणे नदीत सोडलं होतं. त्या झेंडूत पेनड्राइव्हही होती.

"पण विसर्जन अगदी व्यवस्थित झालं," त्या हळूच म्हणाल्या.

साळूताई तिथेच मटकन बसली आणि रडली. मला तिचं फार वाईट वाटतं, मुलांनो. घर होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं. लांडग्याला माहीत होतं. कचेरीला माहीत होतं. फक्त एका डब्याला आठवत नव्हतं, म्हणून ती उघड्यावर होती.

काही दिवसांनी माकडाने कुठूनतरी सुटे भाग आणून कॉम्प्युटर चालू केला. जंगलात आनंदीआनंद झाला. पडदा स्वच्छ निळा. आत मात्र काहीच नाही. एक नाव नाही, एक बीळ नाही. जंगलात जणू कोणी राहतच नव्हतं.

"उलट बरंच झालं," प्रधानजी म्हणाले. "नव्याने नोंदणी करू. आधी जंगलातल्या सगळ्या जागांची यादी टाइप करायची, नावं रिकामी ठेवायची. मग जो येऊन जे सांगेल ते टाइप करायचं. एकदा टाइप झालं की बदल नाही. आणि तोंडी काही चालणार नाही, हे आहेच."

दुसऱ्या दिवशी ही भली मोठी रांग लागली. सगळ्यात पुढे अर्थातच लांडगा. त्याने साळूताईचं बीळ आपल्या नावावर लिहून घेतलं. मागून तरसाने सशाची जागा घेतली. सिंहमहाराज मात्र रांगेत नव्हते. राजा रांगेत उभा राहतो का कुठे? आणि राजाला 'तुमचं घर कोणतं' असं विचारायचं कोणी? तेव्हा त्यांना कोणी बोलावलंही नाही.

साळूताईचं एक पिल्लू तापलं होतं. त्याच्यापाशी बसल्यामुळे तिला उशीर झाला. ती पोचली तेव्हा रांग संपली होती.

"तुमचं ते बीळ गेलं," घोरपडबाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे रिकामं आहे का बघू?"

"बघा बाई. कुठेही चालेल. पोरांच्या डोक्यावर छप्पर झालं म्हणजे पुरे."

घोरपडबाईंनी पडद्यावर वाचलं. "डोंगरावरची मोठी गुहा. पूर्वेला तोंड. शेजारी झरा. नाव रिकामं. चालेल?"

"अहो, तिथे तर…"

"तिथे काय?"

"तिथे कोणीतरी राहतं ना?"

"कॉम्प्युटरमध्ये तरी नाही," घोरपडबाई म्हणाल्या आणि त्यांनी टाइप करून टाकलं. सांगितलं ना, मध्ये डोकं घालायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी सिंहमहाराज शिकारीहून परतले. गुहेच्या तोंडाशी येऊन आत पंजा टाकला आणि किंचाळून बाहेर काढला.

"कोण आहे रे आत?"

"मी साळू, महाराज," आतून थरथरता आवाज आला. "लागलं का हो फार? माफ करा."

"माझ्या गुहेत काय करतेस?"

"महाराज, खरं सांगू? मलाही इथे करमत नाही. गुहा केवढी मोठी, वारा लागतो, आणि सगळीकडे हाडं. पण कॉम्प्युटरमध्ये हेच घर आलंय. आणि एकदा टाइप झालं की बदल नाही म्हणतात."

"अगं, पण ही गुहा माझी आहे हे सगळ्या जंगलाला माहीत आहे!"

"माहीत सगळ्यांनाच असतं, महाराज."

 सिंहाने प्रधानजींना बोलावणं पाठवलं. प्रधानजी आले आणि नियम सांगायला लागले. सिंहाने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी शिकार मिळाली नव्हती.

प्रधानजींना ताबडतोब एक नवीन नियम सुचला. तोंडी साक्ष चालेल. चालेल काय, धावेल.

मग काय विचारता! दिवस बुडायच्या आत सगळ्या जंगलाची स्मरणशक्ती परत आली. गुहा महाराजांची, हे सांगायला तर झुंबड उडालीच. पण महाराजांना गुहा मिळायची तर साळूताईला आधी आपल्या घरी जायला हवं होतं. तेव्हा ते बीळ कोणाचं, तेही सगळ्यांना आठवलं. ससा पहिला आला. म्हणाला, "अहो, वहिनींच्या लग्नात मी त्याच बिळात जेवलोय!" रानडुकराला तर बिळाच्या उंबऱ्याचा खड्डासुद्धा आठवला. त्याच ओघात तरसाने घेतलेली जागा सशाची, हेही आठवलं. घोरपडबाईंनी न सांगता टाइप केलं. हे त्यांचं नोकरीतलं पहिलंच धाडस.

साळूताई पिल्लांना घेऊन आपल्या बिळाशी आली. दारात लांडगा उभा होता. त्याने झाडलोट केली होती, आत सुकं गवतसुद्धा पसरलं होतं.

"या ताई, या," तो म्हणाला. "मी आपला राखण करत बसलो होतो. हल्ली दिवस वाईट आहेत, कोणीही घुसतं."

तात्पर्य: तुम्हाला वाटलं असेल, मी सांगणार की माहितीची दुसरी प्रत जपून ठेवा. ठेवा की, मी कुठे नको म्हणतोय? पण गेलेली माहिती परत मिळावी असं खरंच वाटत असेल, तर ती आपली एकट्याचीच जाणार नाही, वरच्यांचीही सोबत जाईल, एवढी काळजी आधीपासून घ्यावी.